रान आणि रेषा : सह्याद्रीविषयीचे दोन अहवाल वाचताना

आंबोली म्हटले की बहुतेक मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे सिंधुदुर्गातली आंबोली येते. धुके, धबधबे, दरीतून वर येणारा पाऊस. निसर्ग अभ्यासकांच्या लेखी तर ती पंढरीच. २००९ साली विज्ञानाला नव्याने माहीत झालेला, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला एक भेक फक्त त्याच परिसरातून नोंदला गेला. हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी महादेवाचे देऊळ आहे. तिथल्या पाण्यात सापडलेल्या एका चिमुकल्या माशाचे शास्त्रीय वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली.

दुसरी आंबोली पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यात आहे. तिच्या नावाआधी 'कासार' लागते. पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाताना पिरंगुट सोडले की पौडच्या अलीकडे कासार आंबोली येते. पावसाळी शनिवार-रविवारी ताम्हिणीला निघालेल्या गाड्यांच्या रांगेतून हे गाव मागे पडते, आणि ते मागे पडले हे कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे वर्षासहलीचे फलक नाहीत. आजूबाजूला डोंगर आहेत, भाताची खाचरे आहेत, पिरंगुटच्या बाजूने पसरत आलेली कारखानदारी आहे आणि रस्त्याकडेला प्लॉट विक्रीच्या जाहिराती आहेत. श्रावण-भाद्रपदात इथल्या उतारांवर तेरडा आणि सोनकी फुलते. फाल्गुनात त्याच उतारांवर वणव्याचे काळे पट्टे दिसतात.

पहिल्या आंबोलीचे संरक्षण कसे करावे हे आपल्याला आता थोडेफार कळते. दुसरीचे काय करावे, हे सांगायला मात्र आपल्याकडच्या संरक्षणविषयक लेखनात शब्दच सापडत नाहीत. हे लेखन डोंगराकडे पाहते तेव्हा नेमके काय पाहते आणि काय पाहायचे राहून जाते, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी सह्याद्रीवरचे दोन गाजलेले अहवाल, गाडगीळ समितीचा आणि कस्तुरीरंगन समितीचा, वाचायचे ठरवले. त्यांच्या बाजूने किंवा विरुद्ध भरपूर लिहिले गेले आहे. मला त्यांच्याकडे पुस्तकांकडे पाहावे तसे पाहायचे आहे. त्यांची गृहीतके कोणती, शब्द कोणते, मोजपट्टी कोणती, आणि त्या मोजपट्टीतून कोण निसटते?

'रान' या शब्दात काय काय मावते

सुरुवात शब्दापासून करू. मावळ-मुळशीत 'रानात गेलाय' असे कुणी सांगितले तर तो माणूस शेतावर आहे, गुरांमागे डोंगरावर आहे की सरपणाला गेला आहे, हे ऐकणाऱ्याने वेळप्रसंगावरून ओळखायचे असते. पेरलेले शेत हेही रान आणि बिबट्या फिरतो तेही रानच. गुरे चारायची सार्वजनिक जमीन ती गायरान. कुर्डू शेताच्या बांधावर उगवते आणि भारंगी डोंगरउतारावर, पण आपल्या ताटात दोन्ही रानभाज्या म्हणूनच येतात. या शब्दात माणसाचा वावर आणि माणसाने न पेरलेले जीवन शेजारी शेजारी राहते.

आधुनिक संरक्षणविचाराचा मूळ शब्द वेगळा आहे. इंग्रजीतल्या 'वाइल्डरनेस'ला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. अमेरिकेत १८७२ साली यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९६४ साली तिथे 'वाइल्डरनेस कायदा' आला. त्या कायद्याच्या कल्पनेतल्या प्रदेशात माणूस पाहुणा असतो, रहिवासी नसतो. यलोस्टोनच्या परिसरात पिढ्यान् पिढ्या वावरणारे मूळ रहिवासी होते. त्यांना दूर सारल्यानंतर ती भूमी निर्मनुष्य ठरली. १९८९ मध्ये रामचंद्र गुहा यांनी एका निबंधात या कल्पनेवर भारतातून टीका केली. दाट वस्तीच्या, शेतीवर जगणाऱ्या देशात ही कल्पना जशीच्या तशी आणली, तर तिचा भार गरिबांवर पडतो आणि लाभ सुस्थितांना होतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. १९९५ मध्ये विल्यम क्रोनन या अमेरिकी इतिहासकारानेही घरचा आहेर दिला. दूरच्या निष्कलंक अरण्याची पूजा करणारा माणूस स्वतःच्या अंगणातल्या निसर्गाची जबाबदारी टाळतो, असे त्याचे म्हणणे होते.

हे वाद विद्यापीठांतले वाटतील. पण मुळशीच्या धरणाकाठी उभे राहिले की ते फार जवळचे होतात. ताम्हिणीच्या वाटेवरचा तो विस्तीर्ण जलाशय आणि पलीकडची गर्द हिरवी शांतता पाहून पर्यटक म्हणतो, काय निर्जन, अस्पर्श निसर्ग आहे! त्या पाण्याखाली गावे आहेत. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी बांधल्या जाणाऱ्या या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. राजेंद्र व्होरा यांनी त्याच्यावरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच त्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. पन्नासहून अधिक गावांचा प्रश्न होता. सत्याग्रह हरला, भाताची उत्तम खाचरे बुडाली, माणसे विखुरली किंवा वरच्या उतारांवर सरकली. इथली निर्जनता शंभर वर्षांपूर्वीच्या विस्थापनातून आली आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठच्या अरण्याची कथाही फार वेगळी नाही.

म्हणून ते रान राखण्यायोग्य नाही, असे अजिबात नाही. तिथे आज जे जगते आहे ते मोलाचे आहे. २०१३ साली ताम्हिणी परिसरातले सुमारे पन्नास चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र जे रान माणूस हटवल्याने निर्मनुष्य झाले, त्याच्यावरून 'माणूस नसला की निसर्ग टिकतो' असा सिद्धान्त काढणे हा तर्कदोष आहे. आपल्या अधिकृत कागदपत्रांत तो दोष वारंवार डोकावतो.

पहिला अहवाल : चौकोन

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समिती नेमली. समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. तो लोकांसमोर यायला मे २०१२ उजाडला, आणि त्यासाठीही माहिती अधिकाराची लढाई लढावी लागली. समितीने सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटरचा सगळाच पश्चिम घाट संवेदनशील मानला आणि त्याची तीन श्रेणींत विभागणी केली. विभागणीचे एकक होते अक्षांश-रेखांशांच्या पाच-पाच मिनिटांचा चौकोन, म्हणजे साधारण नऊ किलोमीटर लांब आणि नऊ किलोमीटर रुंद.

या अहवालाचे पहिले बळ असे की तो दुहेरी टीका करतो. आपण विकासही बेफिकीरीने करतो आणि संरक्षणही विचार न करता करतो, हे त्याचे निदान आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे नियमांचा जाच छोट्या शेतकऱ्याला कसा होतो आणि परवानग्यांच्या खिडकीवर काय चालते, याची दखल या अहवालाने घेतली. संरक्षणाच्या बाजूने उभ्या असलेल्या समितीने संरक्षणव्यवस्थेतला भ्रष्टाचार लिहून ठेवावा, हे आपल्याकडे क्वचित घडते.

दुसरे बळ त्याच्या तरतुदींत आहे. नवी गिरिस्थाने नकोत, असे तो स्पष्ट म्हणतो. संवेदनशील विभागात शेतजमीन बिगरशेती करू नये, अपवाद फक्त गावातल्याच लोकसंख्येच्या वाढीसाठी गावठाण वाढवण्याचा, असे तो सुचवतो. मुळशी तालुक्याने गेल्या तीस वर्षांत काय पाहिले हे ज्याला माहीत आहे त्याला या दोन वाक्यांचे वजन कळेल. लवासा याच तालुक्यातले. पर्यावरण मंजुरीवरून २०१० मध्ये केंद्राने त्याला नोटीस दिली आणि देशभर गाजावाजा झाला. लवासाचे नाव तरी झाले. ज्यांचे नाव कधीच झाले नाही असे शेकडो छोटे तुकडे याच काळात 'एनए' झाले, त्यांना कुंपणे पडली, जेसीबीने उतार कापून सपाट केले. डोंगराचा खरा चेहरा बदलला तो यांनी.

आता दोष. नऊ बाय नऊचा चौकोन म्हणजे सुमारे ८१ चौरस किलोमीटर. पिरंगुट-पौड पट्ट्यात असा चौकोन मांडला तर त्यात कारखाने, भातखाचरे, गावठाणे, ओढे, उघडे माळ आणि कुठे उरलीसुरली राई, हे सगळे एकाच रंगात रंगते. आपल्या घराला लाल रंग लागला एवढेच माणसाला दिसते, का लागला ते दिसत नाही. ही आखणी तात्पुरती आहे, अंतिम सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात, असे समितीनेच म्हटले होते. सावंतवाडी-दोडामार्ग भागातल्या काही गावांनी खाणींपासून वाचण्यासाठी आपणहून संवेदनशील क्षेत्रात घेण्याची मागणी केली होती, तिचा समितीवर मोठा प्रभाव दिसतो. पण रंगीत नकाशा आधी पोचला आणि ग्रामसभेची गोष्ट मागाहूनही पोचली नाही. दोन भागांचा जाडजूड इंग्रजी अहवाल वाचणार कोण? लोकशाहीवर एवढी भिस्त ठेवणाऱ्या ग्रंथाने आपल्या वाचकाची भाषा आधी ठरवायला हवी होती.

दुसरा अहवाल : टक्केवारी

गाडगीळ अहवालाला राज्यांचा विरोध झाला आणि ऑगस्ट २०१२ मध्ये के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय कार्यगट नेमला गेला. एप्रिल २०१३ मध्ये त्याचा अहवाल आला. त्याने पश्चिम घाटाची व्याख्या मोठी केली, सुमारे १ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर, आणि संरक्षणाचे क्षेत्र लहान केले, सुमारे ६० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे ३७ टक्के.

हे ३७ टक्के निवडले कसे, ते फार बोलके आहे. अहवाल आधी भूप्रदेशाचे दोन भाग करतो : नैसर्गिक आणि सांस्कृतिक. शेती, बागा, वस्त्या असलेला तो सांस्कृतिक भूप्रदेश, सुमारे ५९ टक्के. उरलेला नैसर्गिक. मग उपग्रहाच्या चित्रांवरून नैसर्गिक भागातला जैवविविधतेने समृद्ध आणि कमी तुकडे झालेला भाग निवडायचा. त्यातही लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला शंभराच्या आत हवी. ज्या गावाचे २० टक्के किंवा अधिक क्षेत्र अशा निवडलेल्या भागात येते ते गाव यादीत, बाकीची बाहेर.

तांत्रिक भाषेचे आवरण बाजूला केले की आत तीच जुनी 'वाइल्डरनेस'ची कल्पना दिसते. जिथे माणूस विरळ, तिथे निसर्ग राखण्यालायक. जिथे माणूस दाट, तिथे संस्कृती, म्हणजे मोकळीक. 'रान' या शब्दाने एकत्र धरलेले दोन अर्थ इथे कात्रीने वेगळे केले जातात.

या कात्रीतून निसटते काय? ज्या गावात पाच टक्के क्षेत्रावर अप्रतिम देवराई आहे आणि बाकी सारी शेती आहे, ते गाव यादीबाहेर. उलट ज्या गावात २५ टक्के जंगल आहे, त्याची सगळी खाचरेही यादीत. पहिल्या गावाला राखण्याचे कारण दिले जात नाही आणि दुसऱ्याला चिडायला कारण मिळते. बंधनेही पाहावीत. खाणकाम, दगडखाणी, औष्णिक वीज आणि अति-प्रदूषक उद्योग यांवर बंदी, हे योग्यच. बांधकामाला मात्र २० हजार चौरस मीटरपर्यंत मोकळीक. वसाहत ५० हेक्टरच्या आत असली तर चालते. मुळशीतल्या डोंगरांचा लचका एकदम ५० हेक्टरचा तोडला जात नाही. तो दहा-वीस गुंठ्यांनी तोडला जातो. या मोजपट्टीच्या सर्वांत लहान खुणेहूनही इथली जखम लहान आहे, म्हणून ती मोजलीच जात नाही.

कस्तुरीरंगन अहवालाच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याने गावनिहाय यादी दिली. चौकोनापेक्षा गाव हे एकक सामान्य माणसाला कळते, प्रशासनाला राबवता येते. पण त्या यादीनेच पुढे चर्चा गिळून टाकली. १० मार्च २०१४ च्या पहिल्या मसुद्यापासून केंद्राने सहा मसुदा अधिसूचना काढल्या. सहावी ३१ जुलै २०२४ ची, वायनाडच्या दरडींनी शेकडो बळी घेतल्याच्या दुसऱ्या दिवसाची. तिच्यात महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटरचा. दर मसुद्याबरोबर गावोगावी एकच प्रश्न विचारला जातो : आपले नाव यादीत आहे का? आहे म्हटले की हरकतींचे अर्ज, नाही म्हटले की सुटकेचा निश्वास. आपल्या डोंगरावर काय आहे, हे त्या साऱ्या वर्षांत कुणी कुणाला विचारल्याचे ऐकिवात नाही. ज्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली, त्या जिल्ह्यात तरी हा प्रश्न पहिला असायला हवा होता.

राखलेले लहान तुकडे

चौकोन फार मोठा आणि टक्केवारी फार आंधळी. मग सह्याद्री वाचायची योग्य मोजपट्टी कोणती? तिचे एक उत्तर पुण्यातच, अर्ध्या शतकापूर्वी शोधले गेले होते.

दामोदर कोसंबींनी १९६२ च्या आपल्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथात पुणे परिसरातल्या देवीस्थानांचा मागोवा घेतला. त्यानंतर सत्तरच्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या देवराया पालथ्या घातल्या आणि १९७६ मध्ये त्यांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. काही देवराया जेमतेम काही गुंठ्यांच्या, काही अनेक हेक्टरांच्या. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले असताना या तुकड्यांत जुने सदाहरित वृक्ष, जाडजूड महावेली, बारमाही झरे टिकून होते. गावाने देवाच्या धाकाने काडीही उचलायची नाही म्हटले आणि ते पाळले. देवराईशेजारीच राबासाठी छाटलेले ऐन-किंजळ उभे, त्यापलीकडे नाचणीचे उतार, खाली भाताची खाचरे. गवळी-धनगरांची गुरे त्यातूनच वाट काढणार. या साऱ्यात कोणता भाग नैसर्गिक आणि कोणता सांस्कृतिक, हे उपग्रहाला सांगता येईल. गावाला तो प्रश्नच कळणार नाही.

उघड्या सड्यांनी आपल्याला आणखी एक धडा दिला आहे. कासचे पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरले. गर्दी आवरण्यासाठी कुंपण घातले, चराई थांबली. काही वर्षांनी, गुरे बंद झाल्यामुळे उंच गवत माजते आहे आणि खुज्या फुलांना जागा उरत नाही, असे अभ्यासक आणि गावकरी म्हणू लागले. किती चराई योग्य यावर मतभेद असू शकतात. पण गुरांचे दात आणि खूर हेही त्या फुलांच्या इतिहासाचा भाग आहेत, एवढे तरी कासने दाखवून दिले. माणूस वजा केला की निसर्ग आपोआप जमा होतो, हे गणित सड्यावर चुकते.

दुसरी बाजू

इथे थांबलो तर लेख सोयीचा होईल, खरा होणार नाही. गावाच्या शहाणपणाचे गोडवे गाणाऱ्या लेखनाचीही समीक्षा व्हायला हवी.

एक, मोठ्या प्राण्यांना मोठे, सलग क्षेत्र लागते. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये चांदोली आणि कोयना मिळून झाला, एकूण सुमारे १,१६६ चौरस किलोमीटर. वाघ, गवा, रानकुत्रे यांच्यासाठी हजार देवराया मिळूनही त्याची जागा घेणार नाहीत. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ मध्ये शेकरूसाठी झाले. शेकरूलाही एका झाडावरून दुसऱ्यावर जायला फांद्यांचे सलग छत लागते. निर्मनुष्य गाभाक्षेत्र ही गरज खरी आहे. चूक होते ती गाभ्याचा नियम साऱ्या डोंगरासाठी एकमेव नियम मानण्यात.

दोन, गावांनी रान खाल्लेही आहे. देवळाचा जीर्णोद्धार करायचा म्हणून देवराईतली झाडे विकली गेली, कौलारू देऊळ जाऊन सिमेंटचा सभामंडप आला. वणवे बहुतेक वेळा माणूसच लावतो, कधी चांगले गवत येईल या समजुतीने, कधी नुसत्या बिडीने. जमिनी विकल्या त्या गावानेच. अर्थात विकणारा आणि गमावणारा एकच नसतो. सातबाऱ्यावर नाव असलेल्याला पैसे मिळाले, पण ज्या कातकऱ्याच्या नावावर काहीच नव्हते आणि जो त्या डोंगरातले कंद, मासे, मध, सरपण यांवर जगत होता, त्याची वाट तेवढी कुंपणाने बंद झाली. 'स्थानिक' या एका शब्दाखाली हे दोघे झाकले जातात. गाडगीळ अहवालाच्या ग्रामसभेवरच्या विश्वासात हा भेद पुरेसा दिसत नाही.

तीन, गावाच्या हाती कागद आला की तो कागदच राहतो, हाही अनुभव आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही अपेक्षिली. वर्षानुवर्षे फारसे झाले नाही. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२० अखेरची मुदत घातली आणि धावपळ सुरू झाली. घाईत भरलेली नोंदवही कशी असते ते ज्यांनी एखादी उघडून पाहिली आहे त्यांना सांगायला नको. आंबा, वड, पिंपळ, चिमणी, कावळा. गाव बदलले तरी यादी तीच. ज्या म्हाताऱ्या बाईला कोणती भाजी कुठल्या ओहोळाला पहिल्या पावसात येते हे ठाऊक आहे, तिच्या दारापर्यंत ती वही पोचलेली नसते.

तरीही मला या वहीतच आशा दिसते, कारण तिची मोजपट्टी बरोबर आहे. चौकोन वरून येतो, टक्केवारी उपग्रहातून येते. नोंदवही मात्र पायी चालत भरावी लागते. ती नीट भरली तर अमुक ओढ्याच्या उगमाशी एवढी राई आहे, अमुक सड्यावर एवढी फुले येतात, अमुक उतार कापला तर खालच्या वाडीवर माती येईल, अशा नावानिशी आणि गट क्रमांकानिशी नोंदी होऊ शकतात. अशा नोंदीला कायद्याने वजन द्यायला हवे. जमीन बिगरशेती करण्याच्या अर्जावर निर्णय घेण्याआधी त्या गावच्या नोंदवहीचे पान उघडणे बंधनकारक केले, तर दहा गुंठ्यांच्या जखमाही मोजल्या जातील. त्यासाठी सहा मसुद्यांची वाट पाहण्याची गरज नाही.

पुन्हा दोन आंबोली

पहिल्या आंबोलीचे ते २.११ हेक्टर इथे आठवतात. ती जागा ना राष्ट्रीय उद्यान, ना व्याघ्र प्रकल्प. देवळाजवळचे पाणी, त्यातला एक मासा आणि त्याभोवतीची थोडी जमीन. देवळात जाणाऱ्यांना तिथून कुणी उठवलेले नाही. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथल्या रानजायफळाच्या दलदलीलाही असाच वारसा दर्जा मिळाला, तीही अडीच हेक्टरांच्या आसपास आणि मुळात देवाच्या नावाने राखलेली. नव्या कायद्याने जुन्या देवराईच्या मापाला दिलेली ही मान्यताच आहे. दोन्ही अहवालांच्या नकाशांवर हे तुकडे ठिपक्याएवढेही दिसणार नाहीत.

दुसऱ्या आंबोलीत अजून कुणाला नवा मासा सापडलेला नाही. सापडण्याची वाट पाहायची का, हा प्रश्न आहे. आपल्या संरक्षणविचाराला आश्चर्य लागते. दुर्मीळ प्राणी, फुलांचा गालिचा, निर्मनुष्य दरी. कासार आंबोलीसारख्या गावांच्या डोंगरांकडे असे दाखवायला काही नसते. पण पाऊस मुरवून ओढे वाहते ठेवायचे, उतारावरची माती धरून ठेवायची, घाटमाथ्यावरच्या पाखरांना शहराच्या टेकड्यांपर्यंत यायला जागा द्यायची, ही कामे हेच डोंगर करतात. ताम्हिणीचे अभयारण्य आणि पुण्याच्या टेकड्या यांच्यामधली जमीन हीच आहे. ती गेली तर अभयारण्य उरेल, पण बेटासारखे.

गेल्या पावसाळ्यात त्या रस्त्याने जाताना चहाला थांबलो होतो. टपरीवाल्या मावशींना मागच्या डोंगराचे नाव विचारले. त्यांनी डोंगराचे एक नाव सांगितले नाही, पाच सांगितली. वरचा सडा वेगळ्या नावाचा, मधला टप्पा वेगळा, पाणवठा वेगळा, जिथे पूर्वी गुरे बसत ती जागा वेगळी, आणि आता जिथे कुंपण आहे ती वेगळी. कुंपणाच्या जागेचे जुने नाव सांगताना त्या जरा थांबल्या, मग आठवले. शेजारी बसलेला त्यांचा नातू मोबाइलवरून मान वर करून म्हणाला, "हे तर आम्हाला माहीतच नव्हतं, आजी."

नोंदवहीचे पहिले पान तिथे, त्या बाकड्यावर लिहिता आले असते. ती पाच नावे मी माझ्या वहीत उतरवून घेतली. गावाच्या वहीत ती उतरायला हवीत, आजी सांगते आहे तोवर.